भिंतीलगतचे मणी

यावर विश्वास ठेवील असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आला तरी तो मेक्सिको शहरात येणार नाही, कारण इथे मला सगळे ओळखतात. तरी सांगते. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्या एवढ्याशा जिवाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या असतात, आणि त्या भट्टीच्या पोटात प्रथिनं नेमकी कुठल्या जागी बनतात हे आमच्या संस्थेत सगळ्यांत आधी पाहिलं ते मी. कुणा डॉक्टरने नव्हे. दोमितिला क्विरोसने, जिची शाळा सहावीत सुटली आणि जिने जन्मभर दुसऱ्यांच्या प्रयोगांसाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे काप काढले. आणि पाहिलं ते माझ्या डाव्या डोळ्याच्या पापणीच्या एका केसाच्या जोरावर. हसा. आई म्हणायची, हसणाऱ्याचं तोंड उघडंच असतं, घास भरवायला सोपं जातं.

संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या मंगळवारी जुन्या माणसांना बोलावलं होतं. चार वाजता भाषणं, मग मोले, आमचा मिरचीचा दाट रस्सा, आणि भात. मी दहालाच जाऊन पोचले. म्हातारपणी वेळेआधी पोचणं हा एक उद्योग तेवढा हातात उरतो. काळ्या लाव्हाच्या दगडांतून चढणाऱ्या त्या पायऱ्या मी सदतीस वर्षं चढले, पण त्या दिवशी गुडघ्यांनी प्रत्येक पायरीवर हजेरी घेतली. आत ताज्या रंगाचा वास होता आणि त्या वासाखाली जुना, राळेचा, गोडसर कडू, जिभेच्या मुळाशी बसणारा वास, जो माझ्या लग्नाच्या पोशाखालाही होता असं माझा नवरा मरेपर्यंत सांगत असे. लांबच्या लांब भिंतीवर फोटो टांगणं चाललं होतं. मी रमतगमत पाहत होते. संस्थापक. पहिलं सेंट्रीफ्यूज. फुटबॉलचा संघ, ज्यातले नऊजण मी कबरीपर्यंत पोचवले. आणि मग एकदम, दाराएवढा मोठा, तो. राखाडी रंगाचा लंबगोल, त्याच्या आत भिंतीतून आत शिरलेल्या घड्या, पडदे गुंडाळून ठेवावे तशा. आणि त्या घड्यांच्या कडेकडेने काळे मणी. मधल्या मोकळ्या जागेत जवळजवळ नाहीतच. सगळे भिंतीला, अंग चोरून, सावलीला उभी राहिलेली माणसं असावीत तसे. डाव्या कोपऱ्यात एक बारीक तिरपी रेघ. ती रेघ माझ्या सुरीची. काचेच्या सुरीला दात पडला की काप ओरखडतो. त्या दिवशी दात पडला होता आणि काच फोडून दुसरी सुरी करायला मला वेळ नव्हता. जत्रेत हरवलेलं पोर चाळीस वर्षांनी समोर यावं आणि आधी त्याच्या कपाळावरची खूण दिसावी, तसं झालं. मी खाली वाचलं. छायाचित्र: डॉ. लेआंद्रो उर्सुआ, १९८७.

धक्का मोठा नव्हता. रस्त्यात कुणी खांद्याला लागून जावं एवढाच. पण मी भिंतीला हात लावला तर रंग ओला होता आणि माझी पाचही बोटं पांढरी झाली.

"काय गं, भूत पाहिलंस?" मागून फिदेन्सिओचा आवाज. हा फिदेन्सिओ आमच्याकडे काचेची भांडी धुवायचा. त्याने धुतलेल्या चंचूपात्रात पाणी घातलं तरी आपणच मळके म्हणून ते लाजून काठावर चढून बसायचं, असं मीच कधीतरी उठवून दिलं होतं.

"माझंच पाहिलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या नावाने फिरतंय."

त्याने फोटोकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, गेला आणि कोपऱ्यावरून एक पाव घेऊन आला. कोरडा, लोणी न लावलेला. घाबरलेल्या माणसाला आमच्याकडे पाव देतात, आधी पाव आणि मग विचारपूस. मी खिडकीपाशी बसून तो चावत राहिले. तोंड कोरडं पडलं होतं, घास फिरत होता. मनात आलं, या एका घासात किती कोटी यीस्ट भाजून मेली असतील, आणि मेली तेव्हा बिचाऱ्यांच्या भट्ट्या बंदच असणार. कारण कणकेत साखर असते, आणि साखर मिळाली की यीस्ट आळशी होतं. भट्टी विझवतं, घड्या मोडून ठेवतं, नुसतं बुडबुडे सोडत पडून राहतं. पोट भरलेल्याच्या घरी चूल कशाला पेटेल? म्हणून आम्ही त्यांना साखर देत नसू. ग्लिसरीन द्यायचो, ज्याच्यावर जगायचं तर भट्टी पेटवावीच लागते, आणि दोन दिवसांत त्यांच्या पोटात अशा भरगच्च भट्ट्या उभ्या राहायच्या की बघत राहावं. उपाशी ठेवल्याशिवाय कुणाच्या आतलं काही दिसत नाही. हे आमच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख, डॉक्टर उर्सुआ म्हणायचे. चांगलं बोलायचे ते. मला त्यांचा राग आहे म्हणून ते वाईट बोलायचे असं मी म्हणणार नाही. खोटं मी बोलते, पण फुकट नाही बोलत.

तेवढ्यात युनुएन आली. डॉक्टर युनुएन तोवार, वय छत्तीस, पायात धावायचे बूट, आमच्या जुन्या प्रयोगशाळेची आता ती प्रमुख. प्रदर्शन तिनेच मांडलेलं.

"आजी, तुम्ही आलात! फोटो पाहिलात? किती सुंदर आलाय ना मोठा केल्यावर?"

"सुंदरच आहे. मी काढलाय."

ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "खरंच?"

"त्या कोपऱ्यातली रेघ बघ. ती माझ्या सुरीची."

"आजी," ती माझ्या शेजारी बसली आणि तिने आवाज खाली आणला, "मी तुमच्यावर विश्वास ठेवीन हो. पण प्रदर्शनाच्या समितीला काय सांगू? गेल्या वर्षी तुम्हीच आम्हाला सांगितलंत की ज्वालामुखीने तुमच्याकडे काडेपेटी मागितली."

"मागितली होती."

"आणि एका राष्ट्राध्यक्षाने तुमच्या हातचा तमाल, तो मक्याचा वाफवलेला उंडा, खाऊन मंत्रिमंडळ बदललं."

"दोनच मंत्री. लोक वाढवून सांगतात."

फिदेन्सिओ खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

"सत्त्याऐंशीची वही सापडत नाही," युनुएन म्हणाली. "मी शोधली. डॉक्टर उर्सुआंना तीन पत्रं लिहिली, फोटो कुणी काढला, कसा काढला, काही सांगा म्हणून. एकाचंही उत्तर नाही. छापलेल्या लेखात त्यांचं नाव आहे, म्हणून मी त्यांचं लावलं. समितीचं म्हणणं, नाव बदलायचं तर तुमच्याखेरीज त्या वर्षी प्रयोगशाळेत असलेल्या एकाने तरी तोंडाने सांगायला हवं. आणि ते आज. उद्या सकाळी पितळेच्या पाट्या बसतायत, स्क्रू मारून."

"मी सांगतो," फिदेन्सिओ म्हणाला.

"तुम्ही त्या महिन्यात कुठे होतात, दादा?"

"पाय मोडून घरी." तो जरा ओशाळला. "पण मी सांगू शकतो की मी असतो तर पाहिलं असतं."

बाकीचे कोण? मी बोटं मोजली. एक मेला, एक टोरांटोला गेली आणि तिथे तिची आठवण गेली, एक पाद्री झाला आणि मग मेला. उरले फक्त डॉक्टर. "ते येतायत आज?" मी विचारलं. युनुएन म्हणाली, येतायत, त्यांची मुलगी घेऊन येतेय, नव्वद झाले त्यांना. चार वाजता तुम्हीही दोन शब्द बोला, आजी, सगळ्यांना तुमच्या गोष्टी आवडतात. गोष्टी! ती गेली आणि मी तो पांढरा झालेला हात झग्याला पुसला, म्हणजे आता झगाही गेला.

डॉक्टरांचं गप्प बसणं मला पाठ आहे. ते खोटं बोलत नसत. त्या फोटोबद्दल त्यांनी जगात कुणालाही सांगितलं नाही की तो मी काढला, आणि त्यांनी काढला असंही कधी सांगितलं नाही. ते नुसते गप्प बसले, आणि गप्प बसलं की गोष्टी आपोआप ज्याचं दार मोठं त्याच्या घरात जाऊन राहतात. मी भांडले नाही असं समजू नका. लेख छापून आला तेव्हा शेवटी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत होतं, तांत्रिक मदतीबद्दल आभार. नावसुद्धा नाही, आभार. मी ते पान फाडलं, त्यात गरम तमाल गुंडाळला आणि नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कागद उलगडला, वाचला, तमाल खाल्ला, आणि म्हणाले, बाई, मीठ कमी आहे. माझ्या पोटात तेव्हा जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. कारण मिठाचीच तर सगळी गोष्ट होती, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

त्याचं असं. त्या भट्टीत हजारभर तऱ्हांची प्रथिनं लागतात, आणि त्यातली जवळजवळ सगळी बाहेरून येतात, पेशीच्या मोठ्या बाजारातून, तयार. घरात रांधायची ती फक्त आठ. आठांसाठी त्या एवढ्याशा भट्टीने आपली वेगळी यंत्रं ठेवलीत, राइबोसोम म्हणतात त्यांना, वेगळी पाककृती ठेवलीय, सगळा संसार वेगळा. का? कुणाला विचारलं तर उगाच लांबलचक सांगायचे. मला तर तो हट्ट वाटायचा, शेजारी कितीही मोठा बाजार असो, आमच्या घरची आठ पक्वान्नं आम्हीच करणार, आणि मला तो हट्ट फार आवडायचा. आता ही यंत्रं भट्टीच्या पोटात कुठे असतात? डॉक्टर म्हणायचे मध्ये, मोकळ्या जागेत तरंगत. तिथे प्रथिन बनतं, मग ते पोहत भिंतीकडे जातं. आणि तसंच दिसायचं, कारण आमच्याकडे तशी रीत होती. गोगलगाईच्या पोटातल्या रसाने यीस्टचं कवच विरघळवायचं, भट्ट्या फिरवून फिरवून खाली बसवायच्या, गुळाच्या रंगाचा एक छोटा थर मिळायचा. मग त्यांना पातळ पाण्यात फुगवून भेगा पाडायच्या, आणि मग मिठाच्या पाण्यात धुवायचं, लिटरला सदतीस ग्रॅम, दोनदा, बर्फात. कशासाठी? स्वच्छतेसाठी. बाहेरची घाण चिकटलेली नको. डॉक्टर स्वच्छतेचे फार. आणि मग कुठल्याही कापात त्या यंत्रांचे मणी मधोमध विखुरलेले, आणि डॉक्टर म्हणणार, बघा.

मी आईच्या खानावळीत वाढले. मिल्पा आल्ता गावात, रस्त्याच्या कडेला. आईचा तवा भिंतीला होता, आणि भिंतीत खिडकी, आणि खिडकीपलीकडे गिऱ्हाइकाचा हात. तव्यावरून उतरलेली तोर्तिया, मक्याची पातळ भाकरी, सरळ हातात. एकदा एक शहाणा काका आला आणि म्हणाला, तवा अंगणाच्या मधोमध ठेव, हवा लागेल. तीन दिवस ठेवला. तीन दिवस आम्ही पोरी अंगणभर धावत होतो आणि तोर्तिया वाटेत गार होऊन एकमेकींना चिकटत होत्या. चौथ्या दिवशी आईने काकालाच अंगणाच्या मधोमध बसवलं आणि तवा परत भिंतीला नेला. तर त्या आठ प्रथिनांपैकी सात कसली, तर भिंतीतच रुतून बसायची, तुपकट, पाण्याशी वैर असलेली. ही जर मध्ये बनवून पाण्यातून पोहायला सोडली तर तिथल्या तिथे गोळा होतील. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, हात पिठात गेलेला असावा लागतो. तवा भिंतीलाच असणार. आणि भिंतीला असलेली यंत्रं जर मधोमध दिसत असतील तर कुणीतरी त्यांना धुऊन सोडवत असणार. म्हणजे आपणच. मीठ.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही विचार करू नका, तुम्ही काप काढा."

"डॉक्टर, काप काढताना हात गुंतलेला असतो, डोकं रिकामं असतं. त्यात काहीतरी येतंच."

"मग गाणं म्हणा."

मी गाणं म्हटलं. जूनच्या त्या दुपारी, बर्फाच्या बादलीपुढे उभी राहून, मोठ्याने, आणि गाता गाता मिठाच्या पाण्याची बाटली उचलून परत फडताळात ठेवली. झाकण न उघडता. चोरी करतेय असं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते नाचायला उभं राहण्याआधीचं. साध्या थंड पाण्यात, साखरेच्या पाण्यात म्हणा, हलक्या हाताने धुतलं, आंघोळ घालावी तसं. राळेत बसवलं. काच फोडून सुरी केली. दुसऱ्या आठवड्यात काप काढायला बसले. हे काप इतके पातळ की पाण्यावर तरंगताना चंदेरी दिसले तर बरोबर, सोनेरी दिसले तर जाड. श्वास सोडला तरी पळतात. त्यांना जाळीवर ढकलायला काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवलेला असतो, दुसरं काही चालत नाही. आणि माझी काडी त्या सकाळीच मोडली. म्हणून मी आरशात न बघता डाव्या डोळ्याची एक पापणी उपटली. डोळ्यातून पाणी आलं. त्या पाण्यातच पाहिलं मी ते पहिल्यांदा, असं मी पुढे सांगायला लागले, पण ते खरं नाही. आधी सोन्याचे बारीक मणी लावले, जे फोटोत काळे दिसतात, सशाच्या रक्तातल्या रसाला चिकटवलेले, जे राइबोसोम शोधून त्यालाच जाऊन बिलगतात, ते धुतले, वाळवले, आणि मग अंधाऱ्या खोलीत, त्या मोठ्या खांबासारख्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे, हिरव्या उजेडात तोंड घालून बसले. हिरव्यात आधी नुसतं धुकं असतं. मग तुम्ही चाक फिरवता आणि धुक्यातून कुणीतरी तुमच्याकडे येतं. भट्टी आली. घड्या आल्या. आणि भिंतीला लागून मणी, एकामागून एक, एकामागून एक. मध्ये रिकामं. मी चाक सोडून दिलं आणि मांडीवर हात ठेवून बसले. हजार मैलांवर एखाद्या गावात रस्त्याच्या कडेला आईचा तवा दिसावा तसं झालं. मी फोटो काढला.

डॉक्टरांनी ओला फोटो हातात धरला. बराच वेळ. "हे घाणेरडं झालंय," ते म्हणाले. "मीठ घातलं होतं का?" नाही, मी म्हटलं. "मग फेकून द्या." मी फेकला नाही, त्यांनीही फेकला नाही, त्यांनी तो खणात टाकला आणि दोन वर्षांनी लेखात छापला. मधल्या दोन वर्षांत परदेशातून आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की तिकडेही लोकांना यंत्रं भिंतीलाच असावीत असं वाटतं. म्हणजे तिकडचं तोंड उघडल्यावर इकडचा डोळा खरा ठरला. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. आता त्या ओल्या रंगाच्या भिंतीखाली बसून मला वाटत होतं, मला काय हवंय? वय अठ्ठ्याहत्तर. उद्या पितळेवर माझं नाव असलं काय, नसलं काय. मी मेल्यावर ती पाटी कोण वाचणार, पळत पळत लिफ्टकडे जाणारी पोरं. मग आतून दुसरी कुणीतरी म्हणाली, वाचेनात का. तवा भिंतीला होता हे आईने कुणाला लिहून दिलं नव्हतं, म्हणून काकाने सगळीकडे सांगितलं की कल्पना त्याची. मला ते नकोय. हवंय तर हवंय.

चार वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगांत विद्यार्थी, गुडघ्यांवर वह्या. डॉक्टर उर्सुआ तिसऱ्या रांगेत, कडेला, मुलीशेजारी. नव्वदाव्या वर्षीही पाठ ताठ, मांडीवर टोपी, कानात ऐकायचं यंत्र. कित्येक वर्षांत इतक्या जवळून आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी मान हलवली. बस्स. मी जागेवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला त्यांच्या बायकोची अंत्ययात्रा आठवली. चर्चमध्ये पाद्री म्हणाला, एकेचाळीस वर्षांचा सुखी संसार. पहिल्या बाकावरून, काळ्या कपड्यांत, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी डॉक्टर म्हणाले: बेचाळीस. पाद्री थांबला, म्हणाला, बेचाळीस, आणि पुढे गेला. हा माणूस असा. त्याला चोर म्हटलं तर तो गप्प बसेल, तीस वर्षं गप्प बसेल. चुकीचा आकडा मात्र त्याच्या अंगाला खाजकुइलीसारखा लागतो.

माझं नाव पुकारलं. मी उठले तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक झालेलं होतं. खरं सांगितलं तर काय होणार? सगळे हसतील, दोमितिलाची आणखी एक गोष्ट, आणि डॉक्टर टोपीकडे बघत बसतील, आणि उद्या स्क्रू. म्हणून खरं सांगायचंच नव्हतं. पण जे खोटं मी सांगणार होते ते त्यांच्या बाजूचं होतं. ते गप्प राहिले तर मी भर सभेत, माझ्याच तोंडाने, तो फोटो त्यांना कायमचा देऊन टाकणार होते. फिदेन्सिओ मागच्या रांगेतून हातवारे करत होता, जणू मला विहिरीच्या काठावरून मागे बोलावतोय.

"मुलांनो," मी सुरू केलं, "बाहेरचा तो मोठा फोटो बघितलात? त्याची गंमत सांगते." आधी पापणी सांगितली. हसले. सशाचं नाव काय होतं ते सांगितलं, सशाला कोणते डॉक्टर घाबरायचे ते सांगितलं. आणखी हसले. मणी मी एकेक मोजले, चार हजार अकरा, असं म्हटलं. तिसऱ्या रांगेत टोपी किंचित फिरली आणि थांबली. मणी कधी कुणी मोजलेच नव्हते, म्हणून चार हजार त्यांना चालले. बरं. सभागृह उबेला आलं होतं. "आणि हे सगळं," मी म्हटलं, "डॉक्टर उर्सुआंच्या शिस्तीमुळे. मी काय, सांगकामी. त्यांनी सांगितलं तसं केलं. आधी पातळ पाण्यात फुगवलं, आणि मग ठरल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात धुतलं."

काही नाही. टोपी स्थिर. त्यांची मुलगी हसून त्यांच्या हाताला थोपटत होती. तिला वाटलं, किती छान बोलतेय ही बाई बाबांबद्दल. युनुएन कडेला उभी होती, तिच्या कपाळावर आठी आली आणि ती माझ्याकडे असं बघायला लागली की, आजी, हे काय? सकाळी तर वेगळंच. मनात म्हटलं, दोमितिला, गेला. आपल्या हाताने दिलास. तरी ओठ ओले केले आणि पुढे बोलले, हळू, शिकवणीच्या सुरात, एकेक शब्द वेगळा ठेवून. "लिहून घ्या बाळांनो, आजकाल हे कुणी शिकवत नाही. मीठ, लिटरला सदतीस ग्रॅम. दोनदा धुवायचं. बर्फात. आम्ही तसंच धुतलं, म्हणूनच मणी इतके सुंदर भिंतीला बसले. मीठच त्यांना भिंतीला धरून ठेवतं."

पहिल्या रांगेत पेनं सरसरली. वीसेक वह्यांवर एकाच वेळी. त्या शांततेत तो आवाज मला पाल भिंतीवरून जावी तसा ऐकू आला, आणि त्याच्या पलीकडे दुसरा आवाज, खुर्चीचा, लाकूड जमिनीवर ओढल्याचा. टोपी खाली पडली. तिसऱ्या रांगेत डॉक्टर लेआंद्रो उर्सुआ मुलीचा हात झटकून उभे राहिले होते, एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, दुसरा वर, आणि त्यांचा चेहरा कानशिलांपर्यंत लाल झाला होता.

"खोटं!" ते ओरडले. "एक ग्रॅमसुद्धा नव्हतं! मिठाने ते सुटतात, धरून राहत नाहीत. मिठाने धुतलं असतं तर भिंतीला एक मणी दिसला नसता. मी घाला म्हटलं होतं. हिने घातलं नाही, ऐकलं नाही माझं, आणि तसाच फोटो काढून आणला. खोडा ते, सगळ्यांनी खोडा! ही बाई धडधडीत खोटं बोलतेय!"